दहा जणांसमोर घरचं का सांगायचं? गटोपचाराबद्दल एका ताईंना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचे मिस्टर तीन महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले. अजून थेंबही घेतलेला नाही. आता डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा ग्रुप थेरपीला, म्हणजे गटोपचाराला, बसायला सांगितलंय. मिस्टरांचं म्हणणं, "घरची लक्तरं दहा जणांपुढे कशाला टांगायची?" ताईंच्या स्वतःच्या शंका वेगळ्या आहेत. नाशिक केवढंसं, कुणी ना कुणी ओळखीचं निघणारच. दहा पिणारे एकत्र बसले की दारूच्याच गप्पा निघणार. आणि एकेकाला वेळ द्यायचा कंटाळा म्हणून हे स्वस्तातलं काम काढलंय की काय? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, "माझीही झोप उडालीय, पण मला काही आजार नाही."

ती शेवटची ओळ मी सोडणार नाही. पण क्रमाने घेऊ.

स्वस्ताईचं आधी. खरं सांगायचं तर या उपचाराची सुरुवात पैशाच्या अडचणीतूनच झाली. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा आठवडी वर्ग सुरू केला. सॅनिटोरियम त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं आणि क्षयावर रामबाण औषध तेव्हा निघालेलंच नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा, पोटभर खाणं आणि रोज काय केलं याची वही, एवढाच उपचार. प्रॅट यांना फक्त आरोग्याचे नियम शिकवायचे होते. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की माणसं शेजारच्याचं वजन वाढलेलं पाहून स्वतः उमेद धरतायत, आणि वर्गाची वाट बघतायत. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या नॉर्थफिल्डच्या लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले सैनिक भाराभर आणि मनोविकारतज्ज्ञ मूठभर, म्हणून त्यांना गटात बसवणं सुरू झालं, आणि आजच्या गटोपचाराचा बराचसा पाया तिथे घातला गेला. आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही. भारतात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा भरत नाही.

तेव्हा, हो, सोय हे कारण आहेच. पण गेल्या काही दशकांत दोन्ही पद्धतींची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास झाले आणि नैराश्य, चिंता, व्यसन अशा बहुतेक तक्रारींमध्ये एकट्याने घेतलेला आणि गटात घेतलेला उपचार जवळपास सारखाच गुण देतो, असं त्यांत दिसलं. फी कमी म्हणून गुण कमी असं समजू नका. काही बाबतींत तर मी स्वतः माणसाला आधी गटातच पाठवते. तुमच्या मिस्टरांची बाब त्यातलीच वाटते.

का, ते सांगते. लोकांची समजूत अशी असते की गटात जायचं, मन मोकळं करायचं, थोडं रडायचं आणि हलकं होऊन घरी यायचं. तेवढंच असतं तर त्याला आम्ही कशाला हवे होतो? जिवाभावाचा मित्र आणि गंगेवरचा एखादा निवांत घाट पुरला असता. गटात खरं काम वेगळंच चालतं. माणूस बाहेर जसा वागतो, तसाच तो तीन-चार आठवड्यांत गटातही वागायला लागतो. घरात सगळ्यांची मर्जी राखणारी बाई गटातही दाराजवळची खुर्ची धरते, कुणाला खोकला आला की पाण्याची बाटली पुढे करते आणि स्वतःची पाळी आली की म्हणते, "माझं काही विशेष नाही, त्यांचं चालू द्या." घरी हुकूम सोडणारा गटातही दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडतो. जो सगळीकडे उशिरा पोचतो तो इथेही सव्वासहाला येतो आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालतो. फरक एवढाच की इथे ते कुणीतरी तोंडावर सांगतं, आणि सांगणारं माणूस त्याची सासू नसते, साहेब नसतो, बायकोही नसते.

एक प्रसंग सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. एक गृहस्थ होते, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. दारू सोडून काही महिने झालेले. बोलायला एकदम पटाईत. त्या दिवशी ते वडिलांबद्दल सांगत होते. वडील गेले त्या रात्री हे बारमध्ये बसलेले, फोन सायलेंटवर, घरून आलेले सगळे कॉल सकाळी पाहिले. हे सारं ते हसत हसत सांगत होते. मध्येच एक कोटीही केली, दोघं-तिघं हसलेसुद्धा. समोर एक शिक्षिका बसायच्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्या खाली बघूनच म्हणाल्या, "दादा, तुम्ही असं हसून सांगता ना, तेव्हा मला तुमच्याशी काही बोलावंसंच वाटत नाही. वाईट वाटलेलं असतं, पण मी गिळून टाकते."

"मी कुठे हसलो?" ते म्हणाले. नाटक नव्हतं, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातले एक काका म्हणाले, "आत्तासुद्धा हसताय."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मीही नाही. अशा वेळी आम्ही बोललो की त्या माणसाला सुटायला वाट मिळते. शेवटी तेच म्हणाले, "बायकोपण हेच म्हणते. मला वाटायचं, ती भांडण उकरून काढते."

आता विचार करा, हेच मी त्यांना माझ्या केबिनमध्ये सांगितलं असतं तर? मॅडम आहेत, त्यांचं कामच ते, म्हणून त्यांनी मान हलवली असती. बायकोने वर्षानुवर्षं सांगितलं, ते भांडण ठरलं. जिला त्यांच्याकडून ना पैसा हवा होता ना माफी, अशा बाईने सांगितलं, खोलीतल्या बाकीच्यांनी तेच पाहिलं होतं, म्हणून ते पोचलं. एका बैठकीत माणूस बदलत नाही. त्यानंतरही ते हसायचेच. पण आता हसता हसता मध्येच थांबायचे आणि स्वतःच म्हणायचे, "हं, परत."

आयर्विन यालोम या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी गटात माणूस बरा का होतो याची अकरा कारणं मांडली. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ती पाठ असतात. सगळी इथे देत बसत नाही, पण व्यसनाच्या बाबतीत एक कारण बाकीच्यांहून जड आहे असं माझं मत आहे, ते म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. पिणाऱ्या माणसाला घरात सगळे जण काही ना काही देतच असतात. पैसे, शिव्या, सल्ले, शपथा, माफी. त्याच्याकडे मात्र कुणी काही मागत नाही, कारण त्याच्याकडून काही मिळेल असा भरवसाच उरलेला नसतो. अशा माणसाच्या शेजारी एक दिवस नवा कुणी येऊन बसतो. हात थरथरतायत, डोळे तांबारलेले, विचारतो, "झोप कधी लागायला लागते हो?" आणि तीन महिने न प्यालेला माणूस पहिल्यांदाच अधिकाराने सांगतो की पहिले काही आठवडे वाईट जातात, रात्री दोनला जाग आली तर पंख्याकडे बघत पडून राहू नकोस, उठ, पाणी पी, मला मेसेज टाक. त्या संध्याकाळी घरी जाताना या माणसाची चालच वेगळी असते. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

दुसरं म्हणजे खोटं पकडणं. घरच्यांना खोटं कळतं पण सिद्ध करता येत नाही. मला कधी कळतं, कधी नाही. जुन्या पिणाऱ्याला मात्र ते लगेच कळतं. कुणी सांगतो, "मित्राच्या हळदीला गेलो होतो, नुसता बसलो, घेतली नाही." आपण म्हणू, वा, शाबास. गटातला जुना माणूस विचारतो, "कुठे बसला? डीजेच्या मागे का? ग्लासात काय होतं? घरी किती वाजता गेला? आणि हळदीला जायचंय हे गेल्या आठवड्यात का नाही बोलला?" चौथ्या प्रश्नाला माणूस गडबडतो. यात पोलिसी खाक्या नसतो, बरं का. विचारणारा स्वतः त्याच हळदीत, त्याच डीजेच्या मागे घसरलेला असतो. आमच्याकडे म्हणतात, स्लिप, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा घेणं, ग्लासात येण्याआधी काही आठवडे डोक्यात येते. गोळ्या चुकायला लागतात, जुन्या मित्राचे फोन सुरू होतात, बायकोशी कारण नसताना वाजतं, "आता मला गटाची गरज नाही" असं वाटू लागतं. घरात प्रत्येक गोष्ट सुटी सुटी दिसते. गटात त्या एका रांगेत दिसतात, कारण तिथल्या बहुतेकांनी ही रांग स्वतः उभी केलेली असते.

आता तुमची भीती, दारूच्याच गप्पा निघण्याची. ती अगदी रास्त आहे. कुणाचंही लक्ष नसेल तर निघतातच. "आम्ही एका रात्रीत किती खंबे रिकामे केले" हे सांगताना माणसाच्या तोंडाला खरोखर पाणी सुटतं, आणि ऐकणाऱ्यांच्याही. गट घेणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे असं कीर्तन रंगायच्या आत थांबवणं. मी साधारण एवढंच विचारते, "आणि त्या रात्री घरी कोण जागं होतं?" गोष्टीतली झिंग उतरते. म्हणूनच गट कोण घेतंय याला एवढं महत्त्व. एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या किशोरवयीन मुलांना सरसकट एकत्र बसवलं तर कधी कधी ती एकमेकांकडून नको तेच शिकतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. तेव्हा गट म्हणजे सगळ्यांना, सगळ्या वयांत चांगलाच, असं मी कुणालाही सांगत नाही.

गोपनीयतेबद्दल सरळ सांगते, गोड करून नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं आम्हा उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. गटातले बाकीचे सात-आठ जण मात्र व्यावसायिक नाहीत, ते शब्दाने बांधलेले असतात. तो शब्द आम्ही पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून घेतो, बहुतेक ठिकाणी लिहून घेतात. आणि तो आश्चर्य वाटावं इतका पाळला जातो, कारण प्रत्येकाचंच गुपित टेबलावर असतं. तरी खबरदारी हवी. गटात घेण्याआधी मी प्रत्येकाला एकटं भेटते आणि कंपनी कुठली, सोसायटी कुठली, मूळ गाव कुठलं, सोयरीक कुठे कुठे, सगळं विचारून घेते. निफाडचे दोन जण एकाच भावकीतले निघू शकतात, ओझरच्या दोघांची शिफ्ट एक असू शकते. अशांना एका गटात बसवत नाही. आणि कॉलेज रोडवर किंवा भाजी बाजारात समोरासमोर आलो तर? नियम असा की बायका-पोरं सोबत असतील तर अनोळखी माणसासारखं पुढे जायचं, त्यावर कुणी रागवायचं नाही. मिस्टरांना एवढं सांगून बघा. बहुतेकांची निम्मी धास्ती इथेच जाते.

पहिल्या दिवशी सगळं सांगावं लागतं, हाही एक गैरसमज. लागत नाही. नाव आणि "आज ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं. काही जण महिनाभर नुसते ऐकतात आणि तेवढ्यानेही त्यांच्यात फरक पडतो. आपल्याच तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं, "माझ्या मुलीने मला शाळेत यायला मना केलं," हे पहिल्यांदा घडतं तेव्हा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो.

हे वेगवेगळे प्रकार एकमेकांत मिसळू नका, कारण नाशिकमध्ये सगळ्यालाच ग्रुप म्हणतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हा स्वमदत गट. १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरता सावरता तो सुरू केला. तिथे तज्ज्ञ नसतो, फी नसते, आडनाव सांगायचं नसतं आणि आयुष्यभर जाता येतं. सदस्य आपला अनुभव सांगतात, दुसऱ्याच्या बोलण्यावर टीकाटिप्पणी सहसा करत नाहीत. गटोपचारात प्रशिक्षित माणूस असतो, मुदत असते, आणि एकमेकांच्या वागण्यावर बोलणं हाच तर गाभा असतो. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यसनमुक्ती केंद्रात सकाळी होतं ते शेअरिंग हा तिसरा प्रकार. त्याची सवय मिस्टरांना असेलच. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथून आणि तशा इतर केंद्रांतून बाहेर पडलेली माणसं गटात पटकन रुळतात, कारण समोरच्याचं ऐकून घ्यायची शिस्त लागलेली असते.

इगतपुरीला विपश्यनेला पाठवू का, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. धम्मगिरी जवळ आहे, पैसे लागत नाहीत, ओळखीतलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. साधना म्हणून मला आदर आहे. पण तिथे दहा दिवस मौन आणि इथे नेमकं बोलणं. नुकतीच दारू सुटलेल्या, मन अजून ढवळलेल्या माणसाने एवढ्या लांब मौनात शिरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि अर्जात काहीही लपवू नये.

आणि ते हॉटेलच्या हॉलमधले दोन दिवसांचे 'स्वतःला बदला' कार्यक्रम! मोठं संगीत, मिठ्या, दिवे मंद करून आईवडिलांची माफी मागायला लावणं. रडू येतं, खरं येतं. पण नुसत्या रडण्याने काही टिकत नाही, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका अभ्यासातही पुढे आलं होतं. त्यात विद्यार्थ्यांचे निरनिराळे विकास-गट तपासले होते. ज्यांना भावना बाहेर पडण्याबरोबर स्वतःबद्दल काही उमगलंही, त्यांना फायदा जास्त झाला. आणि काहींना चक्क इजा झाली, विशेषतः जिथे संचालक आक्रमक होता, माणसांना बोलतं करायला टोचत, ढकलत होता. तेव्हा ज्या गटात पहिल्याच दिवशी कुणी तुमच्याकडून तुमचं सर्वांत खोल दुःख काढून घेतं, तिथून चप्पल घालून निघावं.

कुणाला गटात घेऊ नये, तेही सांगते. दारू अजून सुटायची आहे, त्याला आधी डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याचा उपचार. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टर आणि दवाखानाच हवा. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार घोळतायत त्याला ताबडतोब मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो मराठीतही बोलतो. ज्याला आवाज ऐकू येतायत किंवा उन्मादाचा झटका चालू आहे त्याने आधी औषधाने स्थिर व्हावं. अत्याचारातून गेलेल्या बाईला मिश्र गटात तपशील सांगायला बसवणं तर क्रूरपणाच. आणि गट चालू आहे म्हणून गोळ्या बंद करू नयेत, हे मी प्रत्येक बैठकीत म्हणते, इतकं की मंडळी मी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य पुरं करतात.

सुरुवात कशी होते याची कल्पना असली की मिस्टर तिसऱ्या आठवड्यात पळणार नाहीत. सहा ते दहा माणसं, आठवड्यातून एकदा, दीड तास. पहिल्या दोन-तीन बैठका फार गोड जातात. सगळे एकमेकांना सल्ले देतात. आपल्या लोकांना सल्ला द्यायला फार आवडतं. कुणी म्हणतं सकाळी सूर्यनमस्कार घाला, कुणी सप्तशृंगीला जाऊन या सांगतं, कुणी ताकात हिंग घालून प्या. माझी सक्ती नसते, पण मी विचारते, "हा सल्ला देताना तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं?" आणि सल्ले हळूहळू ओसरतात. मग येतो वादाचा काळ. "हे रोज तेच ते बोलतात", "मॅडम त्यांनाच जास्त वेळ देतात". बरीच गळती याच सुमारास होते. माझ्या दृष्टीने गट इथून खरा सुरू होतो. ज्या माणसाने आजवर प्रत्येक भांडणानंतर एक तर बाटली उघडली किंवा घर सोडलं, तो पहिल्यांदाच भांडून पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर येऊन बसतो. वरून बघणाऱ्याला यात काही घडलेलं दिसणार नाही. ज्याच्या घरी दार आपटून जायची रीत आहे त्यालाच त्याची किंमत कळेल.

नाशिकच्या काही अडचणी आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. अंबड-सातपूरच्या कामगारांची शिफ्ट फिरती असते, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्यांची संध्याकाळ जाते. दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीत गायब होतात आणि माल निघाला की परत गायब, तेही हातात पैसा असताना, म्हणजे जपायला हवं नेमकं तेव्हाच. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा की चुकलेल्या बैठकीचं काय, सकाळचा गट आहे का, फोनवरून हजेरी चालते का. ऑनलाइन गट चालतात, पण एकाच्या मागे टीव्ही, दुसऱ्याचा कॅमेरा बंद, असं असेल तर ते थोतांड समजा.

गट घेणाऱ्याचं शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती दाखवायला सांगा. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले समाजकार्यकर्तेही गट घेतात, आणि उत्तम घेतात. गटात घेण्याआधी एकटं भेटणार का? मध्येच नवी माणसं येत राहतात की ठरलेलीच माणसं शेवटपर्यंत? कुणी पिऊन आलं तर काय करता? या तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे अजून अनुभव नाही. माझ्याकडे पिऊन आलेल्याला त्या दिवशी बसू देत नाही, पण हाकलतही नाही. घरी सुखरूप पोचायची सोय करायची आणि पुढच्या आठवड्यात त्याने यावं, हा आग्रह धरायचा. परवडत नसेल तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात चौकशी करा.

आता तुमची शेवटची ओळ, ताई. "मला काही आजार नाही." नसेल. पण रात्री गेट वाजलं की छातीत धडधडणं, नवरा बाथरूममध्ये जास्त वेळ राहिला की दाराला कान लावणं, खिसे तपासणं, सासूला वेगळं आणि माहेरी वेगळं सांगणं, हे किती वर्षं चाललंय? तो पिणं थांबवतो त्या दिवशी हे आपोआप थांबत नाही. उलट पुष्कळ बायका नवरा सुधारल्यावरच कोसळतात, कारण आतापर्यंत कोसळायला फुरसतच नव्हती. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, आणि एएच्या धर्तीवर कुटुंबीयांचा अल-अ‍ॅनॉन हा स्वमदत गट १९५१ पासून जगभर आहे. नवऱ्याला कसं सुधारायचं हे तिथे शिकवत नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येक जण तेच विचारायला येते, आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या पाठदुखीबद्दल, अर्धवट राहिलेल्या बी.एड.बद्दल, भावाशी तुटलेल्या बोलण्याबद्दल बोलायला लागते. आजार नसलेल्या माणसाला गटाचा उपयोग काय, याचं एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

अशाच एका गटात एकीने सांगितलं की ती डॉक्टरांना न विचारता दारू सोडवायची गोळी पावडर करून नवऱ्याच्या वरणात घालायची. शेजारणीने सुचवलेलं. तिला वाटत होतं आपण हुशारी केली. दुसरी एक म्हणाली, "मी पण केलं होतं. तो त्यावर प्यायला आणि तोंड लालभडक, घाम, उलट्या, आम्ही रिक्षाने पळवला." या गोळीवर, म्हणजे डायसल्फिरामवर, दारू घेतली की असंच होतं, काही वेळा जिवाशी गाठ पडते. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. पण मी सांगितलं असतं तर ते आणखी एक रागावणं झालं असतं. दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर पहिली आधी गप्प झाली, मग म्हणाली, "मी त्याच्यावर एवढी चिडलेय हे मला माहीतच नव्हतं." तुमच्या घरात असं काही चालू असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. कुणी रागावणार नाही.

मिस्टरांच्याच गटात तुम्ही बसायचं का? नाही. त्यांचा गट वेगळा, तुमचा वेगळा, वारही वेगळे घ्या म्हणजे घरी मुलांजवळ कुणीतरी राहील. त्यांच्या गटात काय झालं ते विचारू नका. ते गटातून घरी आल्यावर चिडचिडे असतील, कधी नुसतेच गप्प असतील. जेवायला वाढा आणि आपल्या कामाला लागा. सलग सहा बैठका होईपर्यंत "काही फायदा होतोय का" हा प्रश्न दोघांनीही काढायचा नाही, असं आधीच ठरवून घ्या. सहाव्या बैठकीनंतर तो प्रश्न गटातच विचारायला त्यांना सांगा.